कादंबरीसाठी मदत हवी: खोट्या पंचनाम्यावर जन्मठेप, आणि कायद्यातूनच वचपा

रातकिडा

फौजदारी कामकाज जवळून माहीत असलेल्यांसाठी प्रश्न आहे. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

कोर्टकचेरीची थरारकथा लिहितोय. नायक नाशिक जिल्ह्यातल्या एका काल्पनिक तालुक्याच्या गावी बी-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहिणारा, वय २६. सप्टेंबर २०१२ मध्ये गावातल्या सावकाराचा खून होतो. नायकाचं त्याच्याशी चार दिवस आधी भांडण झालेलं. फौजदार त्याला उचलतो, 'आरोपीने काढून दिलेला' रक्ताळलेला कोयता जप्त होतो, आणि २०१४ मध्ये सत्र न्यायालय जन्मठेप ठोठावतं. कोयता अर्थातच पोलिसांनी पेरलेला. २०२५ मध्ये उच्च न्यायालय त्याला निर्दोष सोडतं. आता त्याला हिशेब चुकता करायचाय, पण डोकं वापरून.

सध्याचा कच्चा आराखडा असा: नायक मोबाइल कंपनीतल्या मित्राकडून २०१२ चे फोनचे तपशील मिळवतो. फौजदार आणि पंचावर खोट्या साक्षीचा खटला भरतो. शासनावर पाच कोटींचा दावा लावतो. आणि शेवटी कळतं की सावकार जिवंतच आहे. मग नायक त्याला खरोखर मारतो, कारण एका गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होत नाही.

यातलं काय टिकेल, काय नाही? आणि काळ २०१२ ठेवू की अलीकडचा?

काळाकोट

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे पहिली ठेच आहे. राज्यघटनेचं कलम २०(२) आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं (पुढे नुसतं 'संहिता') ३०० (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३३७) त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला रोखतात. २०१२ चा खून आणि २०२५ चा खून ही दोन वेगळी कृत्यं. तारीख वेगळी, जागा वेगळी, गुन्हा वेगळा. तुमचा नायक थेट खुनाच्या कलमाखाली, म्हणजे दंड संहितेच्या ३०२ च्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या १०३ मध्ये, आत जाईल. ही कल्पना इतक्यांदा वापरली गेलीय की वाचकही हसेल.

फोनचे तपशील: परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना ते पूर्वी एक वर्ष ठेवावे लागत, डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं. २०१२ चे तपशील २०२५ मध्ये कंपनीत मिळतील हे विसरा. मिळालेच तर पुरावा कायद्याच्या ६५ब चं (आता साक्ष्य अधिनियमाचं ६३), म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचं, प्रमाणपत्र लागेल, आणि ते चोरून आणलेल्या प्रतीला कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्यच असल्याचा निकाल दिला, तोही जालन्याच्या एका निवडणूक याचिकेच्या अपिलात.

खोट्या साक्षीचा खटला नायक स्वतः भरूच शकत नाही. संहितेचं १९५ (आता २१५) आडवं येतं. न्यायालयीन कामकाजात किंवा त्याच्या संबंधात दिलेल्या खोट्या साक्षीची तक्रार फक्त ते न्यायालय किंवा त्याच्या वरचं न्यायालय करू शकतं. नायकाच्या हातात आहे तो कलम ३४० चा (आता ३७९) अर्ज. 'ही साक्ष खोटी होती, चौकशी करून तक्रार करा' अशी न्यायालयाला विनंती. दार उघडायचं की नाही हे न्यायालय ठरवतं, आणि ते 'न्यायाच्या हितासाठी इष्ट आहे का' हा प्रश्न स्वतःला विचारतं. बहुतेक अर्ज इथेच पडतात, कारण साक्षीदार बिचकला, विसरला, गोंधळला एवढंच दाखवता येतं. जाणूनबुजून खोटं बोलला हे दाखवणं फार अवघड.

पाच कोटींच्या दाव्याबद्दल: द्वेषमूलक फिर्यादीच्या (आकसाने खोटा खटला भरल्याच्या) दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७४ प्रमाणे निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष. त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे शासनाला दोन महिन्यांची नोटीस. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ पोलिसांच्या वकिलाच्या बॅगेत कायम असतं. पदाच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल कृत्यापासून सहा महिन्यांत दावा हवा, असं ते म्हणतं. त्यावर तुमच्या बाजूने म्हणता येतं की पुरावा पेरणं हे पदाचं काम नव्हेच. वर्षभर हाच मुद्दा चालेल. आणि पाच कोटींवर कोर्ट फी काही लाखांत जाते. अकरा वर्षं शिक्षा भोगलेला माणूस ती कुठून भरणार? निर्धन म्हणून परवानगीचा अर्ज करावा लागेल, त्यातही सरकारी पक्ष हरकत घेतो.

काळ मात्र २०१२ च ठेवा. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक झालंय आणि सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात, राज्य शासन ठरवेल त्या तारखेपासून, न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद आलीय. बनावट पंचनामा तेव्हाही करता येईल, पण मग तुमची कादंबरी व्हिडिओची होईल, कागदाची राहणार नाही.

नक्कलअर्ज

वकीलसाहेबांनी पाडायचं ते पाडलं. मी उभं काय करता येईल ते लिहितो.

तुमचा अख्खा खटला एका कागदावर उभा आहे: पुरावा कायद्याच्या कलम २७ खालचा निवेदन पंचनामा आणि त्याला जोडलेला जप्ती पंचनामा. आरोपी म्हणतो 'कोयता कुठे ठेवलाय ते दाखवतो', दोन पंचांसमोर ते लिहिलं जातं, मग सगळे सरकारी गाडीने निघतात, आरोपी पुढे चालतो, कोयता निघतो, कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधून लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत. बनावट असतो तेव्हा हे सगळं ठाण्यातल्या टेबलावर होतं आणि पंच असतो ठाण्यासमोरचा टपरीवाला. अशा पंचाला कोर्टात 'सराईत पंच' म्हणतात. त्याला बोलावलं की येतो, सही मागितली की करतो, साक्षीला उभं केलं की पोपटासारखा बोलतो.

सराईत पंचाची अडचण एकच: त्याच्या सह्या अनेक फायलींत असतात. फौजदाराची बदली शेजारच्या जिल्ह्यात झाली की तोही पंचाला घेऊन जातो, किंवा मित्रठाण्याला उसना देतो. तर कथेचं बीज असं धरा. १४ सप्टेंबर २०१२, सकाळी ११ ते साडेबारा, तुमचा पंच सिन्नरच्या बाजूला कोयता निघताना हजर. त्याच दिवशी ११.१५ ते १२ तोच पंच संगमनेरच्या बाजूला एका दरोड्यातले दागिने जप्त होताना हजर. मध्ये सुमारे ४० किलोमीटर. दोन्ही ठिकाणी त्याने पुढे शपथेवर साक्ष दिलेली.

नायकाला हे कळतं कसं? तुरुंगात. पण तपशील नीट ठेवा: न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी वेगळ्या बॅरेकीत असतात, म्हणून तो दुसरा माणूसही शिक्षा झालेलाच हवा. नायक हिशेब लिहिणारा आहे, अक्षर चांगलं, त्यामुळे इतर बंद्यांचे संचित रजेचे (फर्लो) आणि अभिवचन रजेचे (पॅरोल) अर्ज तोच लिहितो. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात त्याला विधी सेवा कक्षात स्वयंसेवक करा. शिक्षा भोगणाऱ्यांनाही तसं प्रशिक्षण मिळतं. प्रत्येक आरोपीला दोषारोपपत्राची प्रत कलम २०७ प्रमाणे फुकट मिळालेली असते आणि लोक ती पिशवीत जपून ठेवतात. दुसऱ्याची केस वाचता वाचता पंचाचं नाव, बापाचं नाव, वय, पत्ता सगळं जुळतं. तारीख तीच. इथे मोबाइल कंपनीतला मित्र लागत नाही.

पुढे कागद गोळा करताना या गोष्टी अडतात. अपील दाखल झालं की खालच्या कोर्टातलं मूळ रेकॉर्ड उच्च न्यायालयात जातं, आणि नक्कल विभाग (प्रमाणित प्रती देणारा) अर्जावर 'रेकॉर्ड वर गेले आहे' असा शेरा मारून परत करतो. त्यातही नाशिकची अपिलं मुंबईला, अहमदनगरची (आता अहिल्यानगर) औरंगाबाद खंडपीठाला. म्हणजे दोन साक्षी दोन शहरांत. दुसऱ्या केसमध्ये नायक पक्षकार नाही, त्रयस्थ म्हणून नक्कल मागायला कारण द्यावं लागतं. सोपी वाट म्हणजे त्या दुसऱ्या बंद्यानेच अर्ज करणं. तो का करेल? त्यालाही याच पंचाने अडकवलंय. तोही निर्दोष आहे की खरा दरोडेखोर, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर खरा दरोडेखोर ठेवा. मग नायकाने आपल्या सुटकेसाठी एका गुन्हेगाराची सुटका सोपी करावी का, हा काटा आयताच मिळतो.

आणखी दोन कागद: त्या दिवसाची ठाण्याची स्टेशन डायरी (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींची नोंदवही) आणि सरकारी गाडीचं लॉगबुक. गाडी ठाण्यातून हललीच नसेल तर लॉगबुकात किलोमीटर शून्य. पण केस डायरी आणि स्टेशन डायरी यांची गल्लत करू नका. केस डायरी, म्हणजे त्या एका गुन्ह्याच्या तपासाची रोजची नोंद, आरोपीला मागता येत नाही, ती फक्त न्यायालय पाहतं. लॉगबुकासारखे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करण्याच्या यादीत जातात, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज कथेत लवकर, २०१५ च्या आसपास टाका. उशिरा टाकलात तर उत्तर येईल 'अभिलेख नष्ट केला आहे', आणि तेही नाट्याला वाईट नाही.

रातकिडा

वा! सराईत पंच हे सोनंच हाती लागलं. दोन शंका. हे सगळं अपिलात दाखवायचं कसं, अपिलात नवे साक्षीदार नसतात ना? आणि पंच तर प्यादं आहे. फौजदार कसा सापडणार?

काळाकोट

अपिलात नवा पुरावा घेता येतो. संहितेचं ३९१ (आता ४३२). उच्च न्यायालय स्वतः साक्ष नोंदवू शकतं किंवा सत्र न्यायालयाला नोंदवायला सांगू शकतं. दुसरं बरं, कारण तुम्हाला तोच जुना कोर्टहॉल, तोच पिंजरा परत मिळतो.

तिथली उलटतपासणी लिहिताना एक पथ्य पाळा. वकिलाने संगमनेरची साक्ष लगेच बाहेर काढायची नाही. आधी पंचाकडून सगळी दारं बंद करून घ्यायची. ११ वाजता कुठे होतात? पंचनामा संपेपर्यंत मध्येच कुठे गेलात? साडेबाराला सही केलीत ती तिथेच? गाडी कुठली होती? तो ठामपणे 'हो, तिथेच होतो' म्हणाला की मग दुसऱ्या खटल्यातल्या साक्षीची प्रमाणित प्रत. न्यायाधीशाने नोंदवलेल्या साक्षीला पुरावा कायद्याच्या कलम ८० चं गृहीतक असतं, त्यामुळे ती खरी आहे हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. त्या प्रतीवर निशाणी पडली, म्हणजे ती पुराव्यात नोंदली गेली, की पंचाला घाम. आणि उगाच आरडाओरडा लिहू नका. सत्र न्यायालयात न्यायाधीश प्रश्न-उत्तर टंकलेखकाला सांगत असतात, मध्ये मध्ये थांबणं असतं. ती थांबणीच वापरा.

आता सुटकेनंतरचा डाव. त्यातली खरी चावी संहितेच्या कलम २२१ मध्ये आहे (आता २४४). त्याखालचं उदाहरणच वाचा: साक्षीदाराने एका ठिकाणी शपथेवर एक सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या उलट सांगितलं, तर यातलं कुठलं खोटं हे सिद्ध करता आलं नाही तरी त्याच्यावर पर्यायी आरोप ठेवून शिक्षा देता येते. तुमचा पंच नेमका या चिमट्यात सापडतो. सिन्नर खरं म्हणाला तर संगमनेर खोटं, आणि उलटही. ३४० चा अर्ज इथे टिकतो, कारण 'विसरलो' म्हणायला जागा उरत नाही. दोन्ही सत्र न्यायालयं वेगळ्या जिल्ह्यांतली असली तरी दोन्हींच्या वर मुंबई उच्च न्यायालयच आहे, म्हणून अर्ज तिथे. सप्टेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तक्रार करण्याआधी प्राथमिक चौकशी सक्तीची नाही, आणि ज्याच्यावर तक्रार व्हायची त्याला त्या टप्प्यावर ऐकलंच पाहिजे असंही नाही. म्हणजे पंचाला कळेल तेव्हा समन्स दारात असेल.

पंचाकडे मग एकच वाट उरते: 'फौजदारसाहेबांनी ठाण्यात कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या.' माफीचा साक्षीदार, कलम ३०६ (आता ३४३). गुन्हा सत्र न्यायालयात चालणारा असल्याने माफी देता येते. प्यादं वजिरावर उलटतं ते असं.

कलम कुठलं लावायचं, यात लेखक हमखास गोंधळतात. साक्ष २०१३-१४ ची, म्हणून मूळ गुन्हा दंड संहितेखालचाच राहील, कार्यपद्धती मात्र नवी. खून हा फाशीपात्र गुन्हा, त्यामुळे त्यात गोवण्यासाठी खोटा पुरावा रचणं म्हणजे दंड संहितेचं कलम १९४, शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण दंड संहितेचंच कलम १९५ (वर आलेलं संहितेचं १९५ नव्हे) जास्त गोड आहे. फाशीपात्र नसलेल्या पण जन्मठेप किंवा सात वर्षं वा अधिक कैदेच्या गुन्ह्यात गोवलं, तर गोवणारा त्याच गुन्ह्याच्या शिक्षेला पात्र. जशास तसं, कायद्यानेच लिहून ठेवलेलं. ते हवं असेल तर सावकाराचा खून काढा आणि त्याचं राहतं घर पेटवून द्या: घर जाळणं, कलम ४३६, शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. कोयत्याऐवजी रॉकेलचा डबा पेरलेला. माझं मत विचाराल तर कादंबरी त्याने जास्त धारदार होईल.

फौजदाराच्या बाजूने काय येईल तेही लिहा, तो मूर्ख नसतो. संहितेच्या कलम १९७ ची मंजुरी (आता २१८). शासकीय सेवकावर पदाच्या कामात केलेल्या कृत्यासाठी दखल घेण्याआधी शासनाची परवानगी. खोटा पंचनामा रचणं हे पदाचं काम नाही, असा युक्तिवाद तुमच्याकडून होईल, तरी हा मुद्दा वरपर्यंत नेता येतो. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. त्या १२० दिवसांत फायलीवर कोण बसतं आणि कोण बसत नाही, यात एक अख्खं प्रकरण निघेल.

तिसरा अंक

कायद्याचं झालं, कथेचं बोलू. धागाकर्ते, फौजदाराला २०२५ मध्ये निवृत्त करू नका. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ असा आहे की निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. २०१२ ची घटना, म्हणजे त्याचं पेन्शन त्या बाजूने सुरक्षित. त्याला नोकरीतच ठेवा, उपअधीक्षकपदाच्या पदोन्नतीच्या तोंडावर. दोषारोप आला की पदोन्नतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात जातो. जेलपेक्षा हे पाकीट त्याला आधी झोंबेल, आणि गणवेशातल्या माणसाचं दुःख तिथेच जास्त खरं वाटतं.

आराखड्यात एक भोक आहे. उच्च न्यायालय सोडेल ते बहुधा 'संशयाचा फायदा' देऊन. फौजदाराचा वकील प्रत्येक पायरीवर हेच म्हणेल: सत्र न्यायालयाने दोषी धरलं होतं, म्हणजे खटला भरायला सबळ कारण होतंच. म्हणून अपिलाच्या निकालात पंचनामा बनावट असल्याचा स्पष्ट निष्कर्ष हवा. नायकाने तो मिळवण्यासाठी लवकर सुटकेचा मोह टाळायला हवा. समजा शिक्षा स्थगित करून जामीन मिळतोय, वकील म्हणतो अपील साध्या मुद्द्यावर जिंकू, चार महिन्यांत मोकळा होशील. नायक म्हणतो नाही, आधी पंचाची साक्ष घ्या. हा कादंबरीतला सगळ्यात महागडा निर्णय. तो मधोमध आणा.

खऱ्या घटनांतून हवा घ्यायची तर नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण वाचा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच दिली, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. प्रत्येकाला पाच लाख भरपाई, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक जण मार्च २०२३ मध्ये सुटला, कारण गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्याचं वय राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यातून ठरलं, आणि दाखल्यावरचं नाव खटल्यातल्या नावापेक्षा वेगळं होतं. तिथे निर्दोषत्वाचा प्रश्नच नव्हता, फक्त वयाचा होता. पण एक जुना कागद २८ वर्षांनी काय करतो ते बघण्यासारखं आहे.

भरपाईचा आकडा मात्र फुगवू नका. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या फिर्यादीच्या भरपाईसाठी वेगळी कायदेशीर तरतूद सुचवली, ती झालेली नाही. पाच कोटी वाचून जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

रातकिडा

घर जाळणं पक्कं. खून गेला, सावकार जिवंत राहिला, म्हणजे माझा जुना शेवट न मारता जमला! फौजदार नोकरीत, दरोडेखोर खरा. जामीन नाकारण्याचा प्रसंग आजच लिहायला घेतो. नक्कलअर्ज, एकच राहिलं: तो रॉकेलचा डबा प्रयोगशाळेत गेल्यावर काय होतं?

नक्कलअर्ज

डब्याचं तोंड हवाबंद करून सील केलं नाही तर वाफ उडून जाते, आणि अहवाल येतो 'अंश आढळले नाहीत'. फौजदाराला हे माहीत असणार, म्हणून तो डब्यात जरा जास्तच ओतेल. जप्ती पंचनाम्यात 'रिकामा, वास येत असलेला डबा' आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात मोजण्याइतका द्रव, ही विसंगती ठेवा. सत्र न्यायालयात ती कुणी विचारत नाही, कारण अहवाल बचाव पक्षाने हरकत न घेता निशाणीवर जाऊ दिला. मुद्देमाल कारकून आणि डबा प्रयोगशाळेत नेणारा शिपाई, दोघांनाही साक्षीला बोलावलेलं नसतं. मुद्देमाल रजिस्टरात जमा केल्याची तारीख १४ सप्टेंबर, आणि लाखेच्या सीलचा नमुना मात्र २९ तारखेचा. मधले पंधरा दिवस डबा कुठे होता, हा प्रश्न ३९१ च्या अर्जात पंचाच्या मुद्द्याखाली दुसरा ठेवा. पहिला नको, नाहीतर न्यायालय त्याच संशयावर नायकाला सोडून देईल आणि तुमचा बनावटपणाचा निष्कर्ष हुकेल.